चेन्नईच्या ट्रॅकवर पुण्याच्या गाड्या

आमच्या कार क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी ‘ट्रॅक डे करूया’ म्हटलं की अंगठ्यांची रांग लागते. ट्रॅक डे म्हणजे शर्यतीचा ट्रॅक दिवसभर भाड्याने घेऊन तिथे आपापल्या गाड्या चालवायच्या. ‘मी आलोच’, ‘माझी गाडी पहिली लिही’, ‘ताई, तू फक्त तारीख सांग’. तारीख सांगितली की कुणाच्या घरात लग्न निघतं, कुणाच्या ऑफिसात ऑडिट येतं, कुणाचा क्लच नेमका त्याच आठवड्यात बसतो. हे सगळं माहीत असूनही या वेळचं आयोजन मी अंगावर घेतलं, त्याला कारण होतं. आम्ही पहाटे ताम्हिणीला, महाबळेश्वरला गाड्या घेऊन जातो, आणि तिथे आमच्यातल्या काहींचा वेग बघून माझ्या पोटात गोळा येतो. समोरून दूधवाला येत असतो, वळणापलीकडे शेरडं असतात. गाडी ताणायचीच असेल तर जिथे समोरून कुणी येत नाही अशा जागी ताणा, एवढाच माझा हट्ट होता. आणि तिथे गेल्यावर शर्यत लावायची नाही, हा दुसरा. पहिला हट्ट सगळ्यांनी लगेच मान्य केला. दुसरा मान्य करवून घेण्यातच माझे पुढचे काही महिने गेले.

जागेचे पर्याय तीन होते. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचं, फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं तिथे भारताची ग्रां प्री झाली. पण त्याचा लांब सरळ पट्टा किलोमीटरभराहून मोठा आहे. पोलो-स्विफ्टवाल्यांनी तिथे पाय दाबून नुसतं बसून राहायचं आणि शेवटी सगळा भार ब्रेकवर टाकायचा. शिवाय पुण्याहून ते गाड्या चालवत जाण्यासारखं नाही. दुसरा कोईमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे. मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही एकट्याने बसायची रेसगाडी ज्यांनी बनवली, त्या एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक. शिकायला झकास, पण लांबी २.१ किलोमीटर. आमच्या गाड्या एका वेळी सोडल्या असत्या तर तिथे सिंहगड रोडची संध्याकाळ झाली असती.

उरला चेन्नईबाहेरचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक. जुने लोक अजून त्याला एमएमआरटी (मद्रास मोटर रेस ट्रॅक) म्हणतात, आताचं नाव मद्रास इंटरनॅशनल सर्किट. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो बांधला आणि १९९० पासून तिथे शर्यती होतात. त्याआधी या मंडळींच्या शर्यती शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या एका जुन्या धावपट्टीवर. लांबी साधारण ३.७ किलोमीटर, बारा वळणं. आणि आमच्या दृष्टीने सगळ्यात गोड गोष्ट म्हणजे तो राष्ट्रीय महामार्ग ४८ ला लागूनच आहे. म्हणजे वाकडला जो हायवे आपण रोज शिव्या घालत ओलांडतो, तोच सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर करत त्या ट्रॅकच्या फाट्यापर्यंत जातो. बाराशे किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता चुकायची सोय नाही.

तारखेचं गणित पावसावर बसतं. चेन्नईचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर. तेव्हा ते महिने बाद. एप्रिल-मेमध्ये माणसं आणि टायर दोन्ही वितळतात. राष्ट्रीय स्पर्धांचे शनिवार-रविवार आधीच गेलेले असतात. उरतात जानेवारी-फेब्रुवारीतले आठवड्याचे मधले वार, आणि तेच भाड्यालाही परवडतात. मी फेब्रुवारीतला मधला वार घेतला. ‘रविवार का नाही?’ हा प्रश्न त्यानंतर मला इतक्यांनी विचारला की शेवटी ग्रुपच्या वर्णनातच उत्तर लिहून ठेवलं.

आता पैसे. ट्रॅकचं भाडं गाड्यांच्या संख्येवर नसतं, दिवसावर असतं. त्यात झेंडे दाखवणारे मार्शल, रुग्णवाहिका, आग विझवणारी गाडी, अडकलेली गाडी ओढून आणणारा ट्रक, पिटमधल्या, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबवायच्या जागेतल्या, खोल्या असं एकेक धरायचं, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, जो प्रत्येक जण विसरतो. ही बेरीज येणाऱ्या गाड्यांनी भागली की माणशी वर्गणी निघते. म्हणजे एक जण गळला की बाकीच्यांचा आकडा फुगतो. म्हणून नियम केला: अंगठा धरला जाणार नाही, पैसे धरले जातील. ज्याची पूर्ण रक्कम जमा त्याचं नाव यादीत. नंतर गळलात तर तुमच्या जागी तुम्हीच माणूस शोधा. हे लिहिल्यावर ग्रुप दोन दिवस गप्प होता. मग एक-एक करत पैसे यायला लागले आणि ‘आलोच’ म्हणणाऱ्यांतले साधारण निम्मे उरले. मला तेच हवं होतं.

रुग्णवाहिकेवरून एका सभासदाशी माझी चांगली जुंपली. त्यांचं म्हणणं, एक आहे ना, दुसरी कशाला? कारण असं आहे की ट्रॅकवर रुग्णवाहिका उभी नसेल तर गाड्या सोडता येत नाहीत. कुणाला नुसती भोवळ आली आणि एकुलती एक रुग्णवाहिका त्याला घेऊन दवाखान्यात गेली, तर ती परत येईपर्यंत बाराशे किलोमीटर आलेली सगळी मंडळी चहा पीत बसणार. दुसरीचे पैसे घातले.

विम्याचं प्रकरण मात्र सगळ्यांनी नीट वाचावं असं आहे. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो, जो आपण कधीच वाचत नाही. त्यात भाड्याने देणं वगैरेंच्या सोबत संघटित शर्यत, वेगचाचणी, पेस मेकिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल हे प्रकार सरळ वगळलेले असतात. आता आपण म्हणू, आमची शर्यत नाही, आमचा शिकण्याचा दिवस आहे. सर्व्हेयरसमोर हे बोलून बघा. मी सगळ्यांना स्वच्छ सांगितलं: ट्रॅकवर गाडीला जे होईल ते तुमच्या खिशातून, ट्रॅकचा कठडा मोडला तर तोही तुमच्या खिशातून, आणि ज्या गाडीचा हप्ता चालू आहे ती आणायची की नाही हे घरी विचारून ठरवा. वेळ मोजायची नाही, निकाल नाही, बक्षीस नाही, या नियमाचं मूळही थोडं इथेच आहे. घड्याळ आलं की शिकण्याचा दिवस वेगचाचणी व्हायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास हमीपत्राचे कागद घरोघरी गेले. रक्तगट, आणीबाणीत कुणाला फोन करायचा, आणि खाली ते वाक्य: इजा किंवा मृत्यू झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत. साक्षीदाराची सही घरच्यांची हवी असं मी मुद्दाम ठेवलं होतं. त्या रात्री एका वहिनींचा फोन आला.

“ताई, खरं सांगा, ही शर्यतच ना? हे म्हणतात, शाळेसारखं असतं.”

“वहिनी, शाळेसारखंच आहे. फक्त शाळेत नापास झालं तर गाडी मातीत जाते.”

“आणि हे नापास होतील का?”

“त्यांच्या शेजारी शिकवणारा बसणार आहे. तो हो म्हणेपर्यंत एकट्याला सोडणार नाही.”

सही आली. शिवाय वहिनी स्वतः बेंगळुरूपर्यंत आल्या, बहिणीकडे.

गट पाडणं हे या सगळ्यातलं खरं राजकारण. ए, बी, सी असे तीन गट, ए अनुभवींचा, सी नवख्यांचा, प्रत्येकाला वीस मिनिटं, मग दुसरा गट. तोवर पहिल्या गटाच्या गाड्या निवतात. सगळ्यांना ए हवा. आधी मी अनुभव विचारून पाहिला, तर उत्तरं आली ‘पंधरा वर्षं हायवे’, ‘लडाख दोनदा’. मग एकच प्रश्न ठेवला: ट्रॅकवर तुमच्या शेजारी बसून कुणी शिकवलंय का? नाही म्हणणारे सगळे सीमध्ये, गाडी कुठलीही असो. परिणाम असा की २३० हॉर्सपॉवरची ऑक्टेव्हिया आरएस घेऊन येणारे आमचे काका सी गटात, आणि सांगलीचा एक पोरगा, जो कार्टिंग करत मोठा झालाय, तो आपली जुनी स्विफ्ट घेऊन ए गटात. काकांनी मला फोन केला नाही. त्यांनी त्यांच्या मेव्हण्याकडून करवला. मी मेव्हण्याला म्हटलं, गट माणसाचा असतो, गाडीचा नाही.

थारवाल्यांचं वेगळंच. आमच्यात थारवाले तिघे, मनाने अतिशय चांगले, पावसात कुणाची गाडी अडकली की हेच दोर घेऊन धावतात. पण उंच गाडी, वर असलेला गुरुत्वमध्य आणि डांबराची पक्की पकड, यांचं एकत्र येणं बरं नाही. मातीत टायर घसरतो म्हणून उंच गाडी वाचते. ट्रॅकवर टायर घसरत नाही, तेव्हा गाडी कलंडू शकते. त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटलं. एक जण रुसून बसला. दोघे म्हणाले, मग आम्ही सामान वाहतो. सगळ्यांचे जॅक, सुटे टायर, पाण्याचे कॅन, तंबू त्या दोन थारमधून गेले, आणि माझ्या मते त्या दिवशी सगळ्यात उपयोगी गाड्या त्याच होत्या.

गाडीची तयारी म्हटलं की पोरं इंजिनाकडे धावतात. एक्झॉस्ट, रीमॅप, फिल्टर. माझी यादी ब्रेकपासून सुरू व्हायची आणि टायरला संपायची. ब्रेकचं तेल हवेतली ओल पितं. डॉट ३, डॉट ४ या त्या तेलाच्या प्रती. ताजं डॉट ३ निदान २०५ अंशांना उकळतं, पण ओल पिऊन जुनं झालेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. रस्त्यावर सहसा तेवढी उष्णता चढत नाही, म्हणून चार वर्षांचं तेलही चालून जातं. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीत ते उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ दाबली जाते, तेल नाही. मग पेडल जमिनीला टेकतं. म्हणून डॉट ४ ताजं, आणि ट्रॅक डेच्या आधी पंधरा दिवसांच्या आत भरलेलं. बिलाचा फोटो दाखवायचा.

माझ्या पोलोचं काम भोसरीला आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे केलं. त्यांच्याकडे ब्लीडिंगचं, म्हणजे ब्रेकमधलं जुनं तेल आणि हवा काढायचं मशीन आहे, पण ते वापरत नाहीत. चाकं उतरवलेली, गाडी घोड्यांवर. मास्टर सिलिंडर उजवीकडे, म्हणून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बिसलेरीच्या बाटलीत थोड्या तेलात बुडवलेलं. मी आत पेडलवर. “दाब… दाब… दाब, धर.” निपल पाव वेढा सैल, पेडल पायाखालून हळूच खाली जातं, नळीतून तेल येतं. निपल बंद. “सोड.” पहिल्यांदा आलं ते टपरीवरच्या उकळून काळ्या झालेल्या चहासारखं. मग पिवळट, मग जवळजवळ पाण्यासारखं, आणि मध्येच एक बुडबुडा. “हा बघा,” मिस्त्री म्हणाले, “हा तिकडं चेन्नईला निघाला असता.” बुडबुडे थांबल्यावरही त्यांनी दोन वेळा अजून काढलं. असं चारी चाकांना. मध्ये टाकीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर हवा वरून शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात.

ब्रेक पॅडचा नियम सोपा: निम्म्याहून अधिक शिल्लक असतील तरच यायचं, आणि नवा एक संच डिकीत. कारण ट्रॅकवर पॅड संपवून तुम्ही टाळ्या घ्याल, पण नंतर त्याच गाडीने बाराशे किलोमीटर घरी जायचं असतं, आणि वाटेत खंबाटकी आहे.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर नको, रबर दिसायला काळं असलं तरी. नायट्रोजनबद्दल मला इतके प्रश्न आले की आश्चर्य वाटलं. नायट्रोजन भरा, नाहीतर साधी हवा भरा, पण हवा मोजायचा गेज स्वतःचा आणा. थंड टायरमध्ये ३० पीएसआय भरलं तर ट्रॅकवर चार-पाच फेऱ्यांत ते ३६-३७ ला जातं. मग पिटमध्ये येऊन काढायचं. आणि संध्याकाळी, टायर निवल्यावर, परत भरायचं, हायवेच्या आधी. या शेवटच्या वाक्याखाली मी लाल रेघ मारली होती.

प्रवासाचं फार सांगत नाही. दावणगेऱ्याला बेण्णे डोसा खाल्ला, तो हायवेवर न खाता गावात जाऊन खावा असं माझं ठाम मत आहे. मुक्काम होसूरला. दुसऱ्या दिवशी श्रीपेरंबुदूरला पोहोचलो. शेजारी ह्युंदाईचा कारखाना असल्याने त्या भागात कोरियन माणसं बरीच, आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर सांबार आणि किमची एका पानावर. ए गटातल्या सांगलीकराने किमची खाल्ली आणि ‘आमच्याकडचं खारवलेलं असंच असतं’ म्हणून तिचा निकाल लावला.

सकाळी सहाला फाटकावर. फाटकाच्या आत गेल्यावर पहिल्यांदा गाड्या रिकाम्या करायच्या. डिकीतलं सामान, पायाखालच्या मॅट, सीटखालची पाण्याची बाटली, चार्जर, अत्तराची कुपी, आरशाला लटकलेली लिंबू-मिरची. जे सुटं आहे ते ब्रेक मारल्यावर उडतं, आणि बाटली पेडलखाली गेली तर पेडल दबत नाही. आता प्रश्न आला डॅशबोर्डवरच्या गणपतीचा. जवळजवळ प्रत्येक गाडीत एक. चिकटवलेले काही पक्के होते, काही नुसते चुंबकावर. बलेनोवाले म्हणाले, “बाप्पाला मी उतरवणार नाही. मुद्दा संपला.” तपासणी करणारा ट्रॅकचा माणूस तमिळ, त्याने त्याच्या पद्धतीने मूर्तीला नमस्कार केला, बोटाने हलवून पाहिली, ती हलली, आणि हाताने खूण केली: आत. शेवटी बाप्पा ग्लव्ह बॉक्समध्ये, रुमालात गुंडाळून, कुलूप लावून. “तो आतूनही बघतो,” असं बलेनोवाले स्वतःच म्हणाले आणि रांग पुढे सरकली.

मग बाकीची तपासणी: बॅटरीचा क्लॅम्प हलतो का, इंजिनाखाली तेलाचा ठिपका आहे का, ओढायचा हुक पुढे लावलेला आहे का, ब्रेकचे दिवे, पट्टे. चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकेच आवळणाऱ्या पान्याने. पोलोला १२० न्यूटन-मीटर. पान्याचा ‘कट्’ आवाज आला की पुढचा बोल्ट, आणि आवळलेल्या बोल्टवर पांढऱ्या मार्करची एक रेघ, बोल्टवरून चाकावर जाणारी. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट. ट्रेकिंगचे बूट घालून आलेल्या एकाला परत पाठवलं. त्या बुटात कुठलं पेडल पायाखाली आहे ते कळत नाही.

टायरच्या खांद्यावर, जिथे बाजू संपून तोंड सुरू होतं, तिथे आम्ही साध्या खडूने चार ठिकाणी रेघा ओढल्या. फेऱ्या मारून आल्यावर खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघायचं. टायरच्या बाजूवरच्या छोट्या त्रिकोणाच्याही खाली गेला असेल तर टायर फार लवंडतोय, हवा वाढवा. त्रिकोणापर्यंत पोहोचलाच नसेल तर थोडी काढा. दहा रुपयांचा खडू आणि दिवसभराचा अभ्यास.

ब्रीफिंगला न आलेला ट्रॅकवर जात नाही, हा नियम ट्रॅकचाही होता आणि माझाही. पिवळा झेंडा: पुढे धोका, हळू, ओव्हरटेक बंद. लाल: सेशन थांबलं, हळूहळू पिटमध्ये. निळा: मागून वेगवान गाडी येतेय, जाऊ द्या. काळा: तुमच्याशी बोलायचंय, आत या. काळ्या-पांढऱ्या चौकटींचा: सेशन संपलं, एक फेरी ब्रेक न वापरता सावकाश, म्हणजे डिस्क निवतात. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा. तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून बसू द्यायचे नाहीत. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर, आणि पुढच्याने हाताने बाजू दाखवली तरच. हे शेवटचं सांगताना मी सगळ्यांची तोंडं बघत होते. पुण्यात हाताने बाजू दाखवून जाऊ देणं ही कल्पनाच लोकांना नवीन होती.

एकाने विचारलं, ट्रॅकवर कुत्री येतात का? लोक हसले, पण प्रश्न बरोबर होता. २०११ ला बुद्धवर फॉर्म्युला वनच्या पहिल्याच सरावात कुत्रं ट्रॅकवर आलं आणि लाल झेंडा दाखवावा लागला. म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या मार्शलच्या गाडीमागे, चाळीसच्या वेगाने, सगळ्यांनी एका रांगेत.

सी गटाला आम्ही शिकवणारे दोघे घेतले होते, दोघेही तिथेच शर्यती केलेले. मी ऑक्टेव्हियावाल्या काकांच्या मागच्या सीटवर कधी बसले नाही, तशी परवानगीच नव्हती, पण पिटच्या भिंतीवरून दिसत होतं. पहिल्या सेशनला मुख्य सरळ पट्ट्यावर गाडी बाणासारखी, आणि सी-वन या उजव्या वेगवान वळणाच्या कितीतरी आधी ब्रेकचे दिवे, मग वळणात पुन्हा ब्रेक, मग स्टिअरिंगची ओढाताण. आत आले तेव्हा शिकवणाऱ्याने त्यांना एकच गोष्ट सांगितली: ब्रेक सरळ रेषेत संपवा, आणि नजर बॉनेटवर नको, वळणातून बाहेर पडायच्या जागेवर ठेवा. दुसऱ्या सेशनला गाडी सरळ पट्ट्यावर जरा हळू वाटली आणि वळणात मात्र गुळगुळीत गेली. काका हेल्मेट काढून घामेजल्या चेहऱ्याने म्हणाले, “पंचवीस वर्षं मी गाडी चालवतोय असं मला वाटत होतं.”

बी गटात माझा नंबर. आयोजकाला स्वतःच्या फेऱ्या मिळत नाहीत हे खरं आहे. सेशनच्या मध्ये कुणाला पंक्चर, कुणाला पेट्रोल. ट्रॅकवर गाडी लिटरला पाच-सहा किलोमीटर देते, आणि टाकी पावच्या खाली गेली की लांब वळणात पेट्रोल एका बाजूला जातं आणि इंजिन धक्के देतं. तरीही जेवढ्या मिळाल्या तेवढ्यांत एकदा तरी तिसऱ्या गिअरमध्ये एका वळणात गाडी चारी चाकांवर समान बसली, स्टिअरिंग हातात हलकं झालं, आणि मी काहीच करत नव्हते. ते पुढचा महिनाभर पुरलं.

साडेअकराच्या सुमारास लाल झेंडा. ए गटातली एक होंडा सिटी मातीत गेली होती, आडवी, धुळीचा ढग. माणूस ठीक, गाडीच्या खालच्या प्लास्टिकचा तुकडा गेला. ट्रकने ओढून आणली. चौकशी केली तर कळलं की पुढच्या स्विफ्टशी ‘जरा जुळवत’ होता. आणि स्विफ्टवाल्या सांगलीकराच्या खिशात, मोबाइलवर, फेरीची वेळ मोजणारं अ‍ॅप चालू होतं. दर फेरीनंतर कानातल्या इअरफोनमध्ये आकडा येत होता. तो पोरगा सगळ्यांत चांगला चालवणारा, नियम मोडल्याचं त्याच्या चेहऱ्यावर लपत नव्हतं. त्या दोघांचंही पुढचं सेशन काढून घेतलं. ग्रुपमधले दोघे-तिघे मला म्हणाले, एवढ्या लांबून आलाय पोरगा, जाऊ दे. नाही दिलं जाऊ. त्या वीस मिनिटांत त्याला मी सी गटाच्या पिटमध्ये टायरची हवा मोजायला बसवलं, आणि त्याने खडूच्या रेघा बघून चार काकांना त्यांचे टायर समजावून दिले, माझ्यापेक्षा चांगले.

दुपारी बारा ते एक ट्रॅक बंद, सक्तीने. फेब्रुवारी असला तरी ऊन टोचतं, आणि हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. दहीभात, ताक, इलेक्ट्रॉल. थारवाल्यांनी तंबू आधीच ठोकला होता. दुपारच्या सेशनमध्ये मुद्दाम फेऱ्या कमी ठेवल्या, कारण बहुतेक चुका जेवणानंतर, थकल्यावर होतात. एका पोलो जीटीचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स तापून इशारा द्यायला लागला, तिला तिथेच थांबवलं. एका आय-ट्वेंटीच्या पॅडचा वास सगळ्या पिटमध्ये भरला. डिकीतला नवा संच तिथेच बसवला, जुने पॅड धातूला टेकायच्या बेतात होते. चारला मी शेवटचं सेशन जाहीर केलं आणि पाचला फाटक बंद व्हायच्या आत सगळ्यांची हवा परत भरली, बोल्ट परत टॉर्क केले, आणि बाप्पा ग्लव्ह बॉक्समधून बाहेर आले.

परतताना वेल्लोरला जेवताना ऑक्टेव्हियावाले काका शेजारी येऊन बसले. “ताई, एक सांग. आपली एक फेरी साधारण किती वेळात झाली असेल?”

“काका, कुणी मोजलंच नाही.”

“त्या पोराने मोजलं ना. त्याच्याकडे माझंही असेल.”

“त्याचं अ‍ॅप त्याची वेळ सांगतं, तुमची नाही.”

ते थोडा वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, पुढच्या वेळी वेळ मोजू. मी सांगितलं, मोजू की. पण मग एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटर शर्यतींच्या संघटनेची परवानगी, चालकांची शर्यतीची लायसन्स, गाडीत रोलकेज म्हणजे आतून लोखंडी पिंजरा, शर्यतीचा सीटबेल्ट, आग प्रतिबंधक कपडे, आणि ते सगळं असलेल्या गाडीला नंतर घरी ट्रेलरवर न्यावं लागेल. काका म्हणाले, रोलकेज बसवल्यावर मागे नातू कुठे बसणार. विषय तिथेच थांबला.

पुण्यात आल्यावर हिशेब लावला. दुसरी रुग्णवाहिका न वापरता परत गेली, पण तिचे पैसे गेलेच. थोडी रक्कम उरली. ती परत न देता पुढच्या वेळच्या आगाऊ रकमेत टाकायचं ठरलं, त्यावर दोन सभासदांनी हरकत घेतली, त्यांची त्यांना परत केली. पुढच्या वेळी सी गट लहान आणि शिकवणारे तीन. गणपती घरीच, असा मुद्दा मी यादीत लिहिला होता. बलेनोवाल्यांनी तो खोडून तिथे ‘ग्लव्ह बॉक्समध्ये’ असं लिहिलंय.